पान उलटायला लागणारा वेळ

फोंड्याला, वरच्या बाजारात, केळीवाल्याच्या शेजारी
काचेच्या कपाटात तीन टॅब उभे आहेत
जत्रेच्या नाटकातल्या दरबारी मंडळींसारखे:
पुढून झगमग, मागून प्लास्टिक.

सात हजार नऊशे नव्व्याण्णव.
साडेनऊ.
आणि एक, ज्याच्याकडे मी बघतच नाही.

एकतीस वर्षं सावईवेऱ्याच्या नाटकाला मी प्रॉम्प्टर.
डावी विंग, स्टूल, मांडीवर वही,
दातांत पेन्सिलएवढी टॉर्च
(ती धरून बोलायचं कसं, हे कुठे शिकवत नाहीत).
यंदा तालमीत ध आणि घ एक झाले.
‘धाव’ सांगायचं तिथे मी ‘घाव’ म्हणालो
आणि राजपुत्र पळायचं सोडून
छाती धरून खाली बसला.

भाची म्हणाली, टॅब घे मामा,
दोन बोटांनी ओढलं की अक्षर भोपळ्याएवढं होतं.

दुकानातला साईश स्वस्ताची बाजू घेतो.
बॅटरी दिवसभर. पडदा दहा इंची.
पंधराशे नाटकं मावतील, बाब!
पंधराशे. आमच्या गावात तीन पिढ्यांत
साठ झाली असतील,
त्यातली अकरा पुन्हा पुन्हा.

मी म्हणतो, आता उलट बाजू सांग.
तो आवाज उतरवतो.
रॅम कमी. पुढच्या वर्षी नवीन काही चढणार नाही.
न चढो.
चार्जर वेगळा घ्यावा लागेल.
उन्हात दिसत नाही.
मी कधी उन्हात असतो, बाबा?
पडला तर काच गेली.
वहीही पडली होती एकदा, दुसऱ्या अंकात,
पानं उलटसुलट गोळा झाली
आणि राणी लग्नाआधीच विधवा झाली.

“आणि बाब, ह्याला एक वर्षाची…
एक वर्षाची…”
साईशची नजर छताला लागली.
ही नजर मी झोपेतही ओळखेन.
ओठ न हलवता म्हणालो, “वॉरंटी.”
“वॉरंटी!” तो म्हणाला,
जणू त्याचं त्यालाच आठवलं.
असंच व्हायला हवं असतं.

भाचीने धाडलेली संहिता उघडली.
खरंच भोपळा. एका पडद्यावर चार ओळी.
बोट सरकवलं.
टॅब विचारात पडला.
एक. दोन. तीन.
मग पुढचं पान.

रंगमंचावर तीन म्हणजे फार.
पंचायतीत पाणीपट्टी लिहिणारा आमचा सेनापती
एकला मिशीला हात लावतो,
दोनला तलवारीला,
तीनला मला मनातल्या मनात शिव्या देतो.
साडेनऊवाला दोनच मोजतो.
दीड हजारात एक आकडा.

वहीला किती लागायचे?
तिथेच डोळे मिटून पाहिलं:
अंगठ्याला थुंकी, कोपरा, सळसळ.
तीन.
एकतीस वर्षं तीनच.
त्या तीनात मी वाचत नव्हतो, सांगत होतो.
पानाच्या टोकाची वाक्यं तेवढी मला पाठ आहेत,
साठही नाटकांची.
मधलं नाटक अजून येत नाही.

म्हणजे स्वस्तातला चालेल.

उरला एक मुद्दा, साईशच्या पाठांतरात नसलेला.
उजेड तळाला नेला तरी
कपाटाच्या काचेत माझं तोंड दिसत राहिलं,
हनुवटीखालून निळं,
राक्षसाच्या प्रवेशाला देतात तसं.
हा विंगेत पेटला, तर
पुढच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून,
जिथे बायको बसते
आणि दर जत्रेला घरी येताना विचारते,
“तुम्ही होता ना आत?”
तिथून मी दिसेन.

हे फायद्यात धरू की तोट्यात?

“काळें कव्हर आसा, बाब, दोनशेंचें,” साईश म्हणाला.
“दिवूं?”

एक.
दोन.
तीन.
मागून मला कुणीच काही सांगितलं नाही.